वचन कुणाला दिलं होतं?

मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यात जास्त भिंतींवर कुठलं वचन टांगलेलं असेल, तर माझ्या मते ते बायबलमधलं यिर्मया २९:११. तुमच्यासाठी माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, ते तुमच्या भल्याचं आहे, वाइटाचं नाही, तुम्हाला आशा आणि पुढचे दिवस द्यायचे आहेत, असं परमेश्वर तिथे म्हणतो. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर हे वचन असतं. नव्या घराच्या प्रार्थनेला भेट आलेल्या फ्रेममध्ये असतं. दहावीच्या मुलांना मंडळीत जी कार्डं वाटतात त्यांवर असतं. वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासना संपली की टोपलीतून नव्या वर्षाचं वचन उचलायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या टोपलीत हे कार्ड असतंच, आणि ज्याच्या हाती ते येतं त्याचा चेहरा खुलतो.

मलाही हे वचन फार प्रिय आहे. आणि म्हणूनच ते कुणाला, केव्हा आणि कुठल्या प्रसंगी सांगितलं गेलं हे आपण विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेम घेतलं आणि तिथला तरुण राजा, राजमाता, दरबारी, कारागीर, लोहार यांना बाबेलला नेलं. यिर्मया संदेष्टा मागे राहिला. त्यानं त्या नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं आणि शाफानाचा मुलगा एलासा व हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या राजाच्या कामासाठी बाबेलला निघाले होते त्यांच्या हाती दिलं. पत्र आधी सांगतं की घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलामुलींची लग्नं लावून द्या. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहावं वचन येतं: बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाली की मी तुम्हाला परत आणीन. आणि त्याला अगदी खेटून अकरावं.

सत्तर वर्षं म्हणजे किती, याचा जरा हिशोब करावा. हे पत्र ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं त्यांतले बहुतेक जण बाबेलच्याच मातीत जाणार होते. तिथे कडेवर मूल घेऊन उभी असलेली आई परत येणार नव्हती. आली तर तिची नातवंडं येणार होती. भल्याची आशा दिली होती ती अख्ख्या लोकांना, आणि ती पुरी व्हायला दोन-तीन पिढ्या लागणार होत्या.

आदल्या अध्यायात या पत्राची दुसरी बाजू आहे, आणि ती वाचल्याशिवाय पत्राचं वजन कळत नाही. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा येईल, मंदिराची भांडी येतील. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जू आहे, कारण बाबेलच्या सत्तेखाली मान द्यावी लागेल हे त्याला लोकांच्या डोळ्यांना दाखवायचं आहे. हनन्या ते जू काढतो आणि सर्वांदेखत मोडून टाकतो. यिर्मया आधी काय म्हणतो ठाऊक आहे? आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही दोन वर्षांत सगळे परत यायला हवेच आहेत. मग तो निघून जातो. पुढे देवाचं वचन त्याच्याकडे येतं की लाकडाचं जू मोडलंस, आता लोखंडाचं येईल. हनन्या त्याच वर्षी मरतो.

आता मनाशी ताडून बघा, आपण भिंतीवरचं ते वचन कुणाच्या आवाजात वाचतो? लवकरच, याच वर्षी, सगळं तुझ्या मनासारखं होईल, असं सांगणारा माणूस त्या गोष्टीत आहे, पण तो यिर्मया नाही.

आणखी एक गोष्ट याच लोकांची आहे. स्तोत्र १३७ याच परागंदा लोकांच्या तोंडचं आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, वीणा वाळुंजांवर टांगून ठेवल्या. इथवर आपण गातो, त्याच्या चाली आहेत. पण स्तोत्राचा शेवट कुणी गात नाही. बाबेलची तान्ही मुलं जो खडकावर आपटील तो धन्य, असा तो शेवट आहे. मला लहानपणी रविवारच्या शाळेत हा शेवट कुणी वाचून दाखवला नाही. मोठेपणी स्वतः वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आज मी त्या दोन पानांना एकमेकांसमोर ठेवून वाचते. एकीकडे लेकरं मारली गेलेल्या लोकांचा आक्रोश आहे, तो कुणी खोडलेला नाही, सोज्वळ केलेला नाही. ती देवाची आज्ञा नाही, देवापुढे ओकलेलं दुःख आहे. दुसरीकडे त्याच लोकांना आलेलं पत्र आहे: त्या शहरासाठी प्रार्थना करा. बायबलमध्ये दोन्ही आहेत. प्रार्थना म्हणून जे आलं आहे त्याला आज्ञा समजून वाचलं तर माणूस क्रूर होईल, आणि ते लाजेनं गाळलं तर ज्याचं घर उद्ध्वस्त झालंय त्याला देवापुढे बोलायला शब्द उरणार नाहीत.

हे सगळं मी अभ्यासाच्या हौसेनं सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीचा आजार बळावला तेव्हा भेटायला येणारा जो तो हेच अकरावं वचन म्हणून जात होता. देवानं शब्द दिलाय, ती उठणारच, असं छातीवर हात ठेवून सांगत होते. मुलगी गेली. त्यानंतर किती तरी दिवस तिची आई एकच गोष्ट विचारायची: माझा विश्वास कुठे कमी पडला? त्या माउलीचं काहीच कमी पडलं नव्हतं. तिला जे सांगितलं गेलं होतं ते त्या वचनात नव्हतंच. आणि जे खरंच त्या पत्रात होतं, म्हणजे परक्या मुलखात, हरलेल्या अवस्थेत, वाट बघता बघता आयुष्य सरणार आहे अशा माणसांनाही देव विसरलेला नाही, आणि तो त्यांच्यापासून ती लांबलचक वाट लपवतही नाही, ते तिला कुणीच वाचून दाखवलं नाही. तिला त्याचीच गरज होती.

वचनं अशी सुटी सुटी का झाली, यालाही इतिहास आहे. मूळ लिहिणाऱ्यांनी अध्याय पाडले नव्हते आणि वचनांना आकडेही दिले नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन यानं पाडले असं मानतात. तो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकानं १५५१ मध्ये दिले. पॅरिसहून लिआँला जाता जाता त्यानं हे काम केलं, असं त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय. सोय मोठी झाली, हे निर्विवाद. पाळकसाहेब मंचावरून आकडा सांगतात आणि तीनशे माणसं एकाच ओळीवर बोट ठेवतात, ते त्याच्यामुळेच. पण त्याच आकड्यांनी पत्राच्या मधोमध असलेलं वाक्य उचलून कार्डावर छापणंही सोपं केलं. पौल प्रेषिताचं पत्र करिंथच्या मंडळीत पोचलं तेव्हा ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं असणार, सुरुवातीच्या नमस्कारापासून शेवटच्या सलामापर्यंत. पत्र असंच वाचायचं असतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी माणसाला माहीत आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि वाचाल असं वचन घेतलं. टिळक पहिल्या पानापासून वाचत गेले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा ते शब्द त्यांना सोडवेनात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी त्यांना एखादं वचन कापून दिलं नव्हतं. अख्खं पुस्तक दिलं होतं.

कोण बोलतंय, हे तर आपण त्याहूनही कमी विचारतो. एका किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे मी ईयोब ८:७ सुंदर अक्षरांत फ्रेम केलेलं पाहिलं होतं: तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल. दुकानाला हे वचन शोभतंच. पण हे बोलतोय बिल्दद. ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक. आणि त्याच दमात, तीनच वचनं आधी, ज्याची दहाही मुलं नुकतीच मेली आहेत त्या बापाला हा बिल्दद सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवानं त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं. मोठ्या शेवटाचं आश्वासन या वाक्याच्या मागून येतं, आणि त्याला अट आहे: तू निर्दोष असशील तर. म्हणजे आता तुझी जी दशा झाली आहे ती तुझ्या दोषामुळे. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, परमेश्वर त्या तिघांतल्या अलीफजाला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

मित्रांचं प्रत्येक वाक्य खोटं आहे असं यातून निघत नाही. अलीफजाचं एक वाक्य पौलही पुढे वापरतो. पण ईयोबाचं पुस्तक वाचणाऱ्याला तीस-पस्तीस अध्याय सतत कान उघडे ठेवून ऐकावं लागतं की आता कोण बोलतोय आणि देव शेवटी कुणाच्या बाजूनं उभा राहतो. शुभवर्तमानात सैतान बोलतो, पिलात बोलतो, पेत्र चुकीचं बोलतो आणि येशू त्याला फटकारतो. सगळंच बायबलमध्ये आहे. बायबलमध्ये लिहिलंय, एवढं म्हणून भागत नाही.

नीतिसूत्रांबद्दल थोडक्यात. मराठी माणसाला ती कळायला काहीच अडचण पडू नये. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत असं आपण म्हणतो आणि मौनं सर्वार्थसाधनम् असंही म्हणतो, आणि कुठली म्हण कुठे लावायची हे आपल्याला बरोबर समजतं. नीतिसूत्रे २६ मध्ये चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पाचवं म्हणतं, दे. संपादकाच्या नजरेतून ते निसटलेलं नाही. शहाणपण असंच असतं, प्रसंग बघून वापरायचं. पण हेच आपण बाविसाव्या अध्यायातल्या सहाव्या वचनाला करत नाही. मुलाला योग्य वळण लाव म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही, हे आपण देवानं लिहून दिलेल्या हमीसारखं वाचतो, आणि ज्यांचा मुलगा दारूच्या नादी लागलाय त्या आईबापांकडे मंडळीत कसं बघितलं जातं ते मी पाहिलंय.

माझ्यासाठी या सगळ्या विषयाचा गाभा मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि म्हणतो, उडी टाक. आणि तो नुसतं उडी टाक म्हणत नाही, शास्त्र सांगतो. स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो: देव तुझ्यासाठी आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. तो शब्द मनाचे घालत नाही. स्तोत्रात ते आहेतच. मात्र पुढच्या वचनात साप आणि सिंह पायाखाली तुडवण्याची गोष्ट येते, तिथे जायच्या आत तो थांबतो. येशू त्याला, ते स्तोत्र खोटं आहे, असं म्हणत नाही. तो म्हणतो, असंही लिहिलं आहे: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. हे वाक्य जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं आहे आणि तिथे मस्साची आठवण काढलेली आहे, जिथे रानात पाणी नव्हतं म्हणून लोकांनी परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही असं विचारून त्याची कसोटी घेतली होती. म्हणजे येशू एका वचनाच्या शेजारी दुसरं वचन ठेवतो, आणि त्या दुसऱ्या वचनाच्या पाठीमागे अख्खी घडलेली हकिकत असते. देवावर भरवसा टाकणं आणि देवाला कोंडीत पकडणं यांतला फरक त्या दोन वचनांना एकत्र वाचलं तरच दिसतो.

२०२० आणि २०२१ मध्ये स्तोत्र ९१ घरोघरी वाचलं जात होतं. आमच्याही घरी रोज संध्याकाळी वाचत होतो. मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, हे शब्द म्हणताना आवाज कापायचा. पण त्याच स्तोत्राच्या भरवशावर मास्क लागत नाही, लस लागत नाही, असं सांगणारेही मला भेटले. त्यांची श्रद्धा खरी होती, यात मला शंका नाही. शिखरावरून उडी टाकायला सांगणारा कोण होता आणि त्यानं कुठलं स्तोत्र हातात धरलं होतं, एवढं त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. आणि ज्या घरांतून माणसं गेली त्यांनाही सांगायला हवं होतं की हे स्तोत्र विश्वासणाऱ्याच्या तोंडचं गाणं आहे. ते न मरण्याचं प्रमाणपत्र असतं तर येशूलाही त्या आठवड्यात क्रूस चुकला असता.

आमच्या गुरुवारच्या शास्त्रपाठात सगळ्या बायकाच असतो, त्यामुळे करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय आला की खोलीतली हवाच बदलते. बायकांनी मंडळीत गप्प राहावं. हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकून घेतलंय. एकीला तर साक्ष द्यायला उभी राहिली असताना ऐकवलं गेलं. म्हणून आम्ही एकदा ठरवून पूर्ण पत्र वाचायला घेतलं, कुणी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

अकराव्या अध्यायात आल्यावर वाचणारी थबकली. तिथे पौल सांगतो की प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या स्त्रीनं मस्तक झाकावं. म्हणजे स्त्रिया मंडळीत प्रार्थना करत होत्या, संदेश देत होत्या, आणि पौल ते बंद करा म्हणत नाही, कसं करावं ते सांगतो. तीन अध्यायांनंतर तोच माणूस त्याच लोकांना त्याच्या उलट कसं सांगेल? म्हणून मग चौदावा अध्याय सावकाश वाचला. तिथे गप्प बसायला सांगितलेल्या एकट्या बायका नाहीत. अन्य भाषेत बोलणारा, त्याचा अर्थ सांगणारा कुणी नसेल तर त्यानं गप्प राहावं. एक संदेष्टा बोलत असताना दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर पहिल्यानं गप्प राहावं. आणि बायकांबद्दल लगेच पुढे म्हटलंय की काही शिकून घ्यायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. म्हणजे सभा चालू असताना मध्येच होणाऱ्या प्रश्नांचा गलका डोळ्यांसमोर येतो. अख्खा अध्याय एका गोंधळ माजलेल्या सभेला शिस्त लावतोय. अन्य भाषेत बोलणाऱ्याला किंवा संदेष्ट्याला कुठल्या मंडळीनं जन्मभर गप्प बसवलेलं मी तरी ऐकलं नाही. काही जुन्या हस्तलिखितांत बायकांबद्दलची ही दोन वचनं अध्यायाच्या शेवटी आढळतात, यावरून अभ्यासकांमध्ये बरीच चर्चा आहे. ती मी इथे सोडते.

त्या दिवशी आम्ही रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायही काढला. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी, हिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं पौल तिथे लिहितो. किंख्रिया हे करिंथचंच बंदर. आणि प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्लेचं नाव आधी येतं. तोच अपुल्लो पुढे करिंथला जाऊन शिकवतो. आमच्यातल्या एक काकू, ज्या जन्मात कधी सभेत उभ्या राहून बोलल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "अगं, मग आम्हाला इतकी वर्षं एकच वचन का शिकवलं?"

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायातलं, स्त्रीला शिकवू न देण्याचं वचन याहून अवघड आहे, हे मला कबूल आहे, आणि तिथे प्रामाणिक माणसांची मतं वेगवेगळी आहेत. माझं म्हणणं इतकंच की ज्यानं फिबी वाचली नाही, प्रिस्किल्ला वाचली नाही, अकरावा अध्याय वाचला नाही, त्यानं फक्त ते वचन घेऊन कुणाचं तोंड बंद करू नये.

कारण चुकीच्या वाचनाची किंमत वाचणारा कधी मोजत नाही, ज्याच्यावर ते वाचन लादलं जातं तो मोजतो. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा शुद्धीवर येऊन हामाच्या मुलाला, कनानाला, शाप देतो. शाप नोहाच्या तोंडचा आहे आणि नाव कनानाचं आहे. तरी शतकानुशतकं गोऱ्या मालकांनी तो हामाच्या सगळ्या वंशजांवर आणि त्यातून आफ्रिकेच्या माणसांवर देवानं टाकलेला शाप म्हणून वाचला आणि त्यावर गुलामी उभी केली. १८०७ मध्ये लंडनला एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक भागांचं. त्यातून इस्राएल लोकांची मिसरातून सुटका गाळलेली होती. ख्रिस्तात दास नाही की स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन गाळलेलं होतं. दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, हे मात्र ठेवलं होतं. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती आज उरल्या आहेत. एक अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे, जे गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी सुरू झालं होतं. मला या पुस्तकाबद्दल वाचताना राग येतो तसाच एक धडाही दिसतो. छापणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की पूर्ण पुस्तक हाती पडलं तर हे लोक काय वाचतील.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. गावच्या शाळेत त्यांना पडवीतसुद्धा बसू देत नव्हते. मिशनच्या शाळेत अक्षरं शिकून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जे पुस्तक सलग वाचलं ते हे. त्यांच्या हाती निवडक भाग दिलेले नव्हते. मिसरातली विटा थापणारी माणसं त्यांनी वाचली, आमोसाचा संताप वाचला, मरीयेचं गीत वाचलं, ज्यात देव गादीवरच्यांना खाली ओढतो आणि दीनांना वर उचलतो. घरात सांगतात की ते निर्गम वाचताना मोठ्यानं वाचायचे. ज्या घराला पूर्ण पुस्तक मिळालं त्या घरातल्या मुलीनं टोपलीतल्या एका कार्डावर समाधान मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

संत ऑगस्टीननं चौथ्या-पाचव्या शतकात एक कसोटी सांगितली आहे: शास्त्राच्या ज्या अर्थानं देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नाही, तो अर्थ सांगणाऱ्याला शास्त्र अजून कळलेलं नाही. ही कसोटी मला फार मोठी वाटते. पण ती एकटी पुरत नाही, आणि याचा दाखला ऑगस्टीनच देतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात यरीहोच्या रस्त्यावर लुटलेला जखमी माणूस म्हणजे आदाम, त्याला उचलून खानावळीत नेणारा शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, खानावळ म्हणजे मंडळी आणि खानावळवाला म्हणजे पौल प्रेषित, असा अर्थ त्यानं लावला. प्रेमळ अर्थ आहे, सुंदरही आहे. पण लूकमध्ये एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण, आणि त्यावर येशू ही गोष्ट सांगून शेवटी म्हणतो, जा आणि तूही तसंच कर. खानावळवाला पौल झाला की शास्त्र्याला तो यरीहोचा रस्ता उतरावाच लागत नाही.

इतकं खणून वाचलं की विश्वास कोरडा पडतो, पवित्र आत्मा ज्याला त्याला अर्थ सांगतो, असं मला वयानं मोठी माणसं प्रेमानं सांगतात. मी त्यांना प्रेषितांची कृत्ये आठवा अध्याय काढून दाखवते. कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. आत्मा काय करतो? तो फिलिप्पाला म्हणतो, जा, त्या रथाजवळ राहा. फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचता ते समजतं का? आणि तो मोठा माणूस, राणीचा खजिनदार, सरळ म्हणतो, कुणी समजावल्याशिवाय कसं समजणार? आणि मग त्याचा प्रश्न येतो: संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? फिलिप्प तिथूनच सुरू करतो. म्हणजे आत्म्यानंच माणूस पाठवला, आणि त्या माणसानं पुढ्यातला उतारा घेऊन समजावलं.

पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण बायबल मराठीत आणायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा पसारा सांभाळून वर्षानुवर्षं एकहाती ते काम केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियाच काम करत. त्यांची भक्ती कोरडी झाली होती असं कुणी म्हणणार नाही. भक्ती होती म्हणूनच त्यांनी इतके कष्ट घेतले.

आमच्या शास्त्रपाठात आता एक रीत पडून गेली आहे. रविवारच्या संदेशात एखादं वचन आलं की गुरुवारी त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय मोठ्यानं वाचायचा, मग आपलं म्हणणं सांगायचं. कधी पाळकसाहेबांचा अर्थ पटतो, कधी नाही. नाही पटला तर पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही त्यांना गाठतो. सुरुवातीला त्यांना हे अवघडल्यासारखं झालं असेल. आता ते स्वतःच विचारतात, "काय मग ताई, या गुरुवारी काय निघालं?" बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणं ऐकून, तो म्हणतो ते तसंच आहे की नाही हे रोज शास्त्रात धुंडाळलं, आणि लूकनं त्यांना थेस्सलनीकाच्या लोकांपेक्षा थोर मनाचे म्हटलंय. पौलाचं बोलणं जर तपासून घ्यायचं असेल तर आमच्या पाळकांचंही घ्यायचं, आणि माझंही. पुढच्या गुरुवारी हबक्कूक घ्यायचं ठरलंय. तीनच अध्याय आहेत, एका बैठकीत होतील.